छत रिकामं करा, मग गाडी सुटेल

आमच्याकडे गणपती दहा दिवसांचा. त्याच्यापुढे काही तरी हलतं-फिरतं हवं, ही घरातली जुनी खोड. सासूबाई होत्या तोवर जात्यावर दळणारी बाई, पाण्याचं कारंजं, पंख्याच्या जुन्या मोटरवर फिरणारं चक्र असं काहीबाही दरवर्षी व्हायचं. २०१४ साली मी बाजारातून सेलवर चालणारी आगगाडी आणली आणि मखराभोवती गोल फिरवली. नातीला ती फार आवडली. नाना, म्हणजे माझे सासरे, आरतीला आले, गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हिला गार्डाचा डबा नाही." बस्स. पुढचे नऊ दिवस त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

नाना ग्वाल्हेरच्या छोट्या लाइनीवर अडतीस वर्षं गार्ड होते. आता त्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते फक्त हसले.

ग्वाल्हेरच्या माणसाला छोट्या रेल्वेचं कौतुक सांगावं लागत नाही. पाहुणे आले की आपण त्यांना जयविलास राजवाड्यात नेतो आणि जेवणाच्या लांबलचक टेबलावरची चांदीची आगगाडी दाखवतो. पाहुण्यांसमोर पेयं घेऊन येणारी, डब्यावरची बाटली उचलली की आपोआप थांबणारी. आणि तीच हौस महाराज माधवराव शिंद्यांनी राजवाड्याबाहेर, थेट चंबळच्या खोऱ्यापर्यंत नेली. दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे १८९९ च्या सुमारास भिंड आणि शिवपुरीकडे निघाली. जौरा, सबलगढ, बीरपूर असे टप्पे घेत १९०९ मध्ये ती श्योपूरला पोहोचली. भिंड आणि शिवपुरीचे रूळ पुढे मोठे झाले. श्योपूरची छोटी गाडी मात्र चालत राहिली. सुमारे दोनशे किलोमीटर अंतर, दहा तासांहून जास्त वेळ, आणि आत जेवढी माणसं तेवढीच छतावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ती थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही. त्याही मार्गावर आता मोठे रूळ टाकले जात आहेत. श्योपूरच्या लोकांना त्याचा फायदाच होईल, हे नानाही मान्य करतात. पण त्या उन्हाळ्यात ते रोज सकाळी दाढी करून, कपडे बदलून गच्चीत बसायचे. वर्तमानपत्रही वाचायचे नाहीत.

तेव्हा मी ठरवलं की गणपतीची गोल फिरणारी गाडी पुरे. आपण खरी लाइन बांधायची, लहान.

माझी नोकरी बँकेतली. हातात करवत कधी धरली नव्हती. सुरुवातीला वाटलं, राजधानी एक्सप्रेस करावी, दिसायला झोकदार. हिशेब केला आणि हात जोडले. जगात सर्वांत जास्त चालतं ते १:८७ हे प्रमाण. त्यात आपला एक लांब डबा साधारण २७ सेंटिमीटरचा होतो. वीस डबे म्हणजे साडेपाच मीटर, आणि इंजिन वेगळं. आमचा हॉलच तेवढा लांब नाही. शिवाय त्या प्रमाणातली गाडी वळवायची तर निदान दीड फूट त्रिज्येचा बाक लागतो. म्हणजे फळी जवळजवळ चार फूट रुंद, आणि तिच्या मागच्या कडेला हात पोहोचत नाही. घरातली आगगाडी पहिल्यांदा बांधणारे बहुतेक लोक इथेच फसतात. हौस पलंगाएवढी करतात आणि पलीकडे घसरलेला डबा उचलायला पलंगावरच चढतात.

छोट्या लाइनीनं हा प्रश्न सोडवला. खऱ्या जगात ती डोंगर आणि बीहड यांमधून वळावी म्हणूनच अरुंद असते. घरातही तेच. मी १:७६ हे प्रमाण धरलं, म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. दोन फुटी रुळाला आठ मिलिमीटर हवेत. बाजारात मिळतात नऊचे. खरं तर ते रूळ १:१६० प्रमाणातल्या मोठ्या गाड्यांसाठी बनवलेले असतात, पण जगभरचे नॅरोगेजवाले तेच वापरतात, कारण त्यावर चालणारी बारीक, चांगली यंत्रं तयार मिळतात. एका मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या तीन इंचांची चूक पदरात घ्यावी लागते. नानांना हे सांगितलं नाही. त्यांनी पट्टी लावून स्वतःच शोधून काढलं. यात बाक नऊ इंच त्रिज्येचा चालतो आणि फळी अडीच फूट रुंद पुरते.

श्योपूरची पूर्ण लाइन याच प्रमाणात केली तरी अडीच किलोमीटरच्या वर जाईल. माझ्या आठ फुटी फळीवर खरी जागा बसते फक्त सहाशे फूट. तेव्हा एकच स्टेशन. दोन रूळ, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला बाजूला उभं राहता येईल, मालडब्यासाठी एक आखूड फाटा, एक फलाट, एक कडुलिंब. बाकी सगळं सोडलं. नवशिक्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी काय सोडायचं ते ठरवा. रूळ कमी ठेवलेत तर जमीन दिसते, आणि जमीन दिसली की गाडी कुठून तरी येते आहे असं वाटतं. फळीभर रूळ पसरले की ते दुकानाच्या काचेतलं खेळणं होतं.

फळी बारा मिलिमीटरच्या प्लायची, खाली लाकडी चौकट, चार-चार फुटांचे दोन तुकडे. गणपतीत दोन्ही हॉलमध्ये जोडायचे, एरवी जिन्याजवळच्या खोलीत मांडणीवर. "पाहुणे कुठे झोपतील?" हा प्रश्न यजमानांनी विचारला. आलेले पाहुणे त्याच खोलीत, गाडीखाली, आनंदानं झोपतात.

रूळ आणि काटे पेको या ब्रिटिश कंपनीचे. भाच्यानं येताना आणले. काटा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायची जागा. आमच्या घरी नानांमुळे हिंदीतलाच शब्द रुळला आहे. एका चांगल्या काट्याच्या किमतीत आठवड्याचा किराणा येतो, म्हणून मी स्वस्तातले दोन काटे एका दुकानातून मागवले. त्यांचा त्रास पुढे सांगते. इंजिनाचं यंत्र जपानी, काटो कंपनीचं तयार, त्यावर माझं स्वतः केलेलं वरचं खोकं. डबे लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे. हसू नका. हल्लीच्या पत्रिकांचा पुठ्ठा इतका उत्तम असतो की धारदार कटरनं खिडक्या कापल्या तरी कड फाटत नाही. दाराची उंची २४ मिलिमीटर, माणूस २२. एकदा ही दोन मापं डोक्यात बसली की बाकीची आपोआप येतात.

दिवाळीपर्यंत गाडी फिरू लागली. मी नानांना हाताला धरून खाली आणलं. त्यांनी खुर्ची ओढली, घड्याळ काढलं, फलाटाच्या या टोकाच्या खुणेपासून त्या टोकाच्या खुणेपर्यंत वेळ मोजली. अंतर सहा फूट.

"साढ़ेचार सेकंड," नाना म्हणाले. चिडले की ते हिंदीत बोलतात. "शताब्दी है क्या?"

मी रात्री कागदावर हिशेब केला. खरोखरच ताशी ११० किलोमीटर निघाले. ज्या गाडीतून उतरून लोक पुन्हा पळत चढायचे, ती ११० नं चालली होती. ताशी २० चा वेग हवा तर त्या सहा फुटांना पंचवीस सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून पंचवीस सेकंद मोजून बघा, फार मोठे असतात.

इथून खरं काम सुरू झालं. गाडी पळवणं सोपं असतं. हळू चालवणं हीच परीक्षा, कारण वेगात असताना झाकलेल्या सगळ्या चुका हळू चालताना उघड्या पडतात. माझी गाडी पंचवीस सेकंदांवर आणायला गेले तर ती दर फुटाला थबकायची, बोटानं ढकलावी लागायची. भाच्यानं फोनवर सांगितलं, मामी, आधी वीज मोज. कंट्रोलरपाशी सहा व्होल्ट, आणि लांबच्या बाकावर साडेचारच. मी दोन तारा एकाच जागी जोडल्या होत्या आणि बाकीचं सगळं रुळांना जोडणाऱ्या छोट्या फिशप्लेटांच्या भरवशावर सोडलं होतं. त्या सैल होतात, काळवंडतात, वीज अडवतात. उपाय कंटाळवाणा आहे पण हुकमी. फळीखालून दोन जाड तारा फिरवायच्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिथून बारीक तार वर आणून डाख द्यायचा. डाख देताना तापलेली कांडी दोन-तीन सेकंदच टेकवायची, नाहीतर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. माझे सहा वितळले. तिथे आता गवत उगवलं आहे.

दुसरी चूक साफसफाईची. रूळ काळे पडले म्हणून मी पॉलिश पेपरनं घासले. लखलखले, आणि आठ दिवसांत दुप्पट काळे झाले. पेपरच्या बारीक ओरखड्यांमध्येच मळ बसतो. आता सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसते, आणि इंजिनाची चाकंही तशीच. आपल्याकडची आंधी माहीत आहे ना? मे महिन्यात दार बंद असलं तरी बिछान्यावर धूळ. तिच्यावर एकच इलाज सापडला. सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं फळीवर घालते. पूर्ण आठ फूट झाकून उरतं.

आणि ते स्वस्त काटे. काट्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो कोपरा त्यांत प्लॅस्टिकचा होता. तिथे वीज नाही. लांब इंजिनाची बाकीची चाकं त्यावरून ओढून नेतात, पण नॅरोगेजचं इंजिन आखूड, सगळीच चाकं त्याच अंधाऱ्या जागेत येतात आणि ते थांबतं. दोन्ही काढले आणि धातूच्या कोपऱ्याचे टाकले. त्यांना खाली एक बटण लागतं, काटा बदलला की त्या कोपऱ्याची विजेची दिशाही बदलणारं, नाहीतर शॉर्ट होतो. स्वस्त काट्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच, दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. इंजिनाच्या खोक्यात मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं भरली, म्हणजे चाकांची रुळावरची पकड वाढली. इतकं करून वेळ आली एकोणीस सेकंद. मग कंट्रोलर बदलला. तेवीस. नाना म्हणाले, "चलेगा. दोन सेकंद ड्रायव्हरचे."

त्या जानेवारीत मला नको तितका आत्मविश्वास आला. वीज कुठेच अडू नये म्हणून मी रुळांचे सगळे जोड डाख देऊन पक्के केले. एकही फट नाही, हात फिरवला तर रेशमासारखं. मे महिन्यात त्या खोलीचं तापमान बेचाळीसवर गेलं आणि एका सकाळी पाहते तर मागचा सरळ रूळ सापासारखा. आठ फूट धातूची वाढ म्हणाल तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पण तिला जायला जागाच नव्हती.

नाना त्या दिवशी मनापासून हसले, टाळेबंदीनंतर पहिल्यांदा. "जानेवारीत फट न ठेवता रूळ टाकलेस? तुला आमच्या गँगमेटच्या हाताखाली सहा महिने पाठवायला हवं होतं." मग त्यांनी समजावलं की थंडीत रूळ टाकताना मोठी फट ठेवतात, उन्हाळ्यात लहान, आणि छोट्या लाइनीवर त्या फटीचाच खटखट आवाज ऐकून गार्डाला डोळे मिटूनही वेग कळायचा. बारीक करवतीनं मी चार ठिकाणी रूळ कापले. फटीत व्हिजिटिंग कार्ड बसेल एवढी जागा. आता माझ्याही गाडीचा आवाज येतो, फार बारीक. नाना कान देऊन ऐकतात.

तिथून ते रोज खाली येऊ लागले.

जमीन करणं हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. लहानपणी दिवाळीचा किल्ला ज्यानं केला त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असतं. बीहडाच्या घळी थर्माकोल कापून केल्या, वर कागदाचा लगदा, त्यावर खरी माती. ती जौऱ्याकडे जाणाऱ्या एका ओळखीच्यांकडून पिशवीभर आणवली, मलमलीतून चाळली. एक सावधगिरी मात्र ठेवा. माती असो वा वाळू, पसरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर जाते. माझ्या पिशवीतून चिमूटभर निघाले. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती कोरडीच ब्रशनं नीट बसवायची, मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसेल तर पाण्याचा गोळा होतो आणि वाळू उचलली जाते. झाडांना तुळशीच्या वाळलेल्या काड्या, झाडाखालच्या पाचोळ्याला उकळून वाळवलेला चहाचा चोथा.

फलाटावर पिवळी पाटी उभी केली आणि नानांना विचारलं, नाव काय लिहू? कैलारस? सुमावली? ते बराच वेळ बघत राहिले. "कैलारस असं नाही. सुमावली असं नाही. खोटं नाव लिहायचं नाही." स्टेशन खरोखरच कुठलंच नव्हतं, चार स्टेशनांच्या आठवणी एकत्र करून मी ते केलं होतं. पाटी कोरी राहिली. पुढच्या गणपतीत आमच्या भाजीवाल्या आल्या, त्या सबलगढच्या. हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, "अरे, यह तो हमारा सबलगढ़ है!" शेजारच्या काकांनी जौरा ओळखलं. नाना दोन्ही वेळा गप्प बसले.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. ही गाडी ज्यानं पाहिली आहे त्याला तिचं छत आठवतं. म्हणून मी महिनाभर बसून बावीस मिलिमीटरची माणसं केली. पगडीवाले, गठुडंवाले, दुधाच्या कॅनवाले, एक बकरी. चाळीस जण छतावर चिकटवले. माझ्या मते सगळ्या कामातलं ते सर्वांत खरं होतं.

नानांनी पाहिलं आणि काठी टेकवून उभे राहिले.

"ह्यांना उतरव."

"नाना, बसायचे की लोक."

"बसायचे. मी बसवले नाहीत." मग थोडं थांबून, "छतावर माणूस असताना मी झेंडी दाखवली की ती माझी सही असते. अडतीस वर्षं दर स्टेशनला ओरडलो. ऐकायचे नाहीत, आणि मी झेंडी दाखवायचो. दाखवावी लागायची. इथेही तेच करू का?"

मला काही बोलता येईना. मी छत म्हणजे गंमत समजत होते. गाडी फलाटाच्या आत उभी राहिली की एक माणूस दर वेळी मागे वळून छतांवरून नजर फिरवतो, पुढे कुठे झाडाची फांदी खाली आली आहे ते त्याच्या डोक्यात असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कधी कोणी पडलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

चाळीसच्या चाळीस मी सुरीच्या पात्यानं सोडवले. दोघांचे पाय तुटले. तोडगा नातीनं काढला. आता माणसांच्या खाली मेणाचा बारीक ठिपका असतो. बसतात, निघतात.

आणखी पुष्कळ बाकी आहे. सिग्नलचा हात हलत नाही. फाट्यावरचा मालडबा काट्यावर कधीमधी उतरतो, चाकांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं कमी आहे असा संशय आहे. दोन फळ्यांच्या जोडावर रूळ दरवर्षी गणपतीत नव्यानं जुळवावे लागतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा ऑगस्टमधली जुळणी डिसेंबरात चालत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. कधी गेलात तर जरूर बघा. मी तिथून आल्यावर आठवडाभर आमच्या फळीकडे बघवेना, आणि मग सिग्नल करायला घेतला.

मंडळातल्या कोणाला गाडी बघायची असेल तर गणपतीचे दहाही दिवस दार उघडं आहे. साडेसहाची गाडी नानांची. तिच्या आधी ते मागच्या डब्यापासून पुढपर्यंत बोट फिरवून छतं तपासतात, मग आगपेटीच्या काडीला चिकटवलेला हिरवा कागद दाखवतात. त्या वेळी मुलांना जरा शांत ठेवा. नाना साडेसातला जेवायला बसतात. छतावर माणसं असलेली गाडी त्यानंतर सुटते.